तिसरं नाव फिकट का?

(स्कॉटलंडमधलं कॉल्डरिग, कोळशाच्या खाणीचं गाव. साल १९६६, शनिवार, सकाळचे अकरा. खाणकामगारांच्या हॉलमध्ये भिंतीवर काळी पाटी, पाटीवर सोनेरी अक्षरांत तीन नावं. खाली शिडी आणि रंगाचे दोन डबे. आर्ची टेनंट, गावचा पेंटर, ब्रश धुतो आहे. त्याची दहा वर्षांची नात एफी फडकं घेऊन काचेच्या कपाटापुढे बसली आहे.)

आजोबा : नुसतं ऐकू नकोस, एफी. डोळे मीट आणि समोर आण. समज, नोव्हेंबर आहे. मैदान म्हणजे निम्मा चिखल आणि निम्मी राख. अगदी कडेच्या रेषेला चिकटून एक पोरगा उभा आहे. एकोणीस वर्षांचा, काडीसारखा. कान असे बाहेर आलेले, की जोराचा वारा सुटला तर उडून जाईल. आणि चेंडू त्याच्याकडे येतो...

एफी : आजोबा, मी विचारलं काय आणि तुम्ही सांगताय काय?

आजोबा : तू डोळे उघडलेस.

एफी : मी विचारलं, बारा वाजता तुम्ही पर्डीकाकांचं नाव का पुसणार आहात.

आजोबा : तेच सांगतोय. तो कानवाला पोरगा म्हणजेच निनियन पर्डी. तुमच्या शाळेचा शिपाई.

एफी : ते मला माहीत आहे. हिवाळ्यात आमच्या दुधाच्या बाटल्या गोठतात, तेव्हा ते बॉयलरपाशी मांडून ठेवतात. एकही फुटू देत नाहीत.

आजोबा : बाटल्यांबद्दल माझी तक्रार नाही.

एफी : मग कशाबद्दल आहे?

आजोबा : या पाटीवर काय लिहिलंय, वाच.

एफी : "स्कॉटलंडसाठी खेळलेले आपले." पहिलं नाव हेक्टर मॉनक्रीफ. इंग्लंड, वेल्स, आयर्लंड, ऑस्ट्रिया, हंगेरी. दुसरं वॉल्टर एडी. वेल्स, फ्रान्स. तिसरं निनियन पर्डी. नॉर्वे. आजोबा, पहिली दोन नावं चमकतात. तिसरं फिकट का आहे?

आजोबा : ऊन लागतं तिकडून.

एफी : खिडकी तर त्या बाजूला आहे.

आजोबा : तुझी आजी असेच प्रश्न विचारते. ऐक. देशासाठी खेळलं की कॅप मिळते. निळी मखमली, वर रुपेरी गोंडा. मॉनक्रीफ वारला, त्याच्या बायकोनं त्याची कॅप हॉलला दिली. एडी कॅनडाला गेला, जाताना देऊन गेला. दोन्ही तुझ्यासमोर कपाटात आहेत. आता तिसरी दाखव.

एफी : तिसरी नाहीच.

आजोबा : हां. नाहीच. चौदा वर्षं झाली. आज दुपारी एक वाजता पेपरचा फोटोवाला येणार. हॉलला पन्नास वर्षं झाली ना. मंगळवारी कमिटीत गिलेस्पी उठला आणि म्हणाला, पाटीवर नावं तीन आणि कपाटात कॅपा दोन, हा हिशेब कसा?

एफी : नवे सेक्रेटरी? जे रोज रात्री बिलियर्डचे चेंडू मोजतात?

आजोबा : तोच. एडिनबराचा माणूस, स्वतःच्या सावलीलाही पावती मागेल. पण या वेळी त्याचं चुकलं नाही. ठराव झाला. शनिवारी बारापर्यंत निनियननं कॅप आणून ठेवावी, नाहीतर नाव काळ्या रंगाखाली. ब्रश माझ्या हातात दिला, कारण ते नाव मीच लिहिलं होतं.

एफी : तुम्ही पण हात वर केलात?

आजोबा : केला.

एफी : का?

आजोबा : त्यासाठीच मैदानापासून सुरुवात केली होती. मीट डोळे. तो रेषेवरचा पोरगा म्हणजे आपल्या गावच्या कॉल्डरिग थिसल क्लबचा डावा विंगर, आणि त्याच्या मागे मी, डावा बॅक. मी तेहेतीस वर्षांचा. त्यानं मला म्हाताऱ्या म्हणायचं आणि मी त्याला कानफाट्या, असं आमचं चाले. त्याला सगळं मी शिकवलं, एफी. खाणीच्या राखेच्या टेकडीवर, उतारावर आडवं पळायला लावायचो. चेंडू सारखा खाली घसरणार, त्यानं डाव्या पायानं तो वर राखायचा. दोन वर्षांत असा तयार झाला की समोरचा बॅक चेंडूकडे बघायचं सोडून याच्या पायांकडे बघायला लागायचा, आणि तोवर हा कोपऱ्यात पोचलेला.

एफी : मग तो तुम्हाला आवडायचा.

आजोबा : पोटच्या पोरासारखा. मग एका शुक्रवारी तो आला आणि म्हणाला, उद्या मी खेळणार नाही. किलमार्नकची आत्या वारली. डोळे खाली घातलेले. मला वाटलं, दुःख आहे. मी कॅप्टनला सांगितलं की मीही खेळणार नाही. काळा टाय बांधला, फुलं घेतली, दोन बसा बदलून किलमार्नकच्या स्मशानात गेलो. पाऊस पडत होता. दीड तास उभा होतो. शेवटी खड्डे खणणारा जेवायला बसला, त्यानं मला अर्धा ब्रेड दिला आणि विचारलं, कुणाची वाट बघताय? आज इथं कुणालाच पुरायचं नाही.

एफी : आत्या मेलीच नव्हती?

आजोबा : आत्या नव्हतीच. संध्याकाळी बस बदलताना पेपर घेतला. ग्लासगोच्या एका बड्या क्लबकडून डाव्या बाजूला कुणी "न्यूमन" खेळला, दोन गोल केले. वर फोटो. मागून काढलेला. पण ते कान मी कुठेही ओळखेन.

एफी : पण पेपरात खोटं नाव का छापलं?

आजोबा : तशी रीतच आहे. क्लबाला एखाद्या पोराला पारखून बघायचं असलं, की एका सामन्यापुरता खोट्या नावानं उतरवतात. म्हणजे दुसऱ्या क्लबाला सुगावा लागत नाही. पोराला बजावलेलं असतं, घरीसुद्धा बोलायचं नाही.

एफी : म्हणजे त्यांना क्लबनंच गप्प बसायला सांगितलं होतं.

आजोबा : गप्प बसायला. आत्या मारायला नाही. आणि मी म्हणजे घरच होतो की नाही? पुढे गावानं मला सोडलं नाही. वर्षभर जो भेटेल तो विचारायचा, आर्ची, आत्या कशी आहे?

एफी : मग त्यांनी माफी मागितली नाही?

आजोबा : मागितली. मी दार लावून घेतलं. महिन्याभरात तो ग्लासगोला गेला. चांगला खेळला, ते नाकारत नाही. पाच हंगाम. लोक म्हणायचे, त्याच्या बाजूच्या स्टँडमधली तिकिटं आधी संपतात. मीही दोनदा जाऊन बघितलं, लांबून. आणि मग आलं नॉर्वे.

एफी : थांबा. या कॅपेवर बारीक अक्षरं आहेत. ही कसली?

आजोबा : ज्यांच्याशी खेळला त्या देशांची पहिली अक्षरं. रुपेरी धाग्यानं भरतात. जपून पूस, मखमल जुनी आहे. तर मे महिन्यात स्कॉटलंडचा संघ दौऱ्यावर निघाला, निनियन राखीव म्हणून. ऑस्लोला संध्याकाळचा सामना. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं पेपर आला, त्यात अकरा नावं, हा नाही. आठवड्यानं स्वारी परत आली आणि म्हणते कशी, मी खेळलो. मुख्य विंगरला आदल्या रात्रीचा मासा बाधला, तो मध्यंतराला बाहेर आला आणि मला उतरवलं.

एफी : पेपरात ते का नव्हतं?

आजोबा : त्याचं म्हणणं, गावाला येतो तो पेपर सगळ्यांत आधी छापतात, त्यात फक्त पूर्वार्ध होता. उत्तरार्ध शहरात विकल्या जाणाऱ्या पेपरात आला.

एफी : मग ग्लासगोत कुणाला तरी विचारायचं.

आजोबा : ग्लासगोवाल्याच्या शब्दावर कॉल्डरिगमध्ये कोण विश्वास ठेवतो?

एफी : मग नाव पाटीवर कसं आलं?

आजोबा : तेव्हाचा सेक्रेटरी त्याचा सख्खा मामा. इथेच पाणी मुरतंय, नाही का? मामानं सांगितलं, मी लिहिलं. पण लिहिताना हात जड होता. लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही, एफी. ज्यानं एकदा आत्या मारली तो नॉर्वेही जिंकेल.

एफी : जिंकलो म्हणाले?

आजोबा : ते मात्र नाही. मामानं खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, चेंडू अकरा वेळा माझ्याकडे आला, सात वेळा मी घालवला. आणि रात्रीचे नऊ वाजले तरी ऊन डोळ्यात येत होतं.

एफी : आजोबा, आमच्या वर्गातला रॉनल्ड खोटं सांगतो तेव्हा दहा गोल करतो. सात वेळा चेंडू घालवला असं तो कधीच सांगणार नाही.

आजोबा : हुशार लबाड असंच सांगतो. थोडं मीठ घातलं की खोटं पचतं.

एफी : मग खरं बोलायचं असेल तर माणसानं सांगायचं कसं?

आजोबा : दाखवायचं. सांगायचं नाही.

एफी : पर्डीकाका खोटं बोलतात, हे मलाही माहीत आहे.

आजोबा : बघ. काय म्हणाला तुला?

एफी : मला नाही. बर्फ पडलं की ते शाळेच्या अंगणात राख टाकतात, म्हणजे कुणी घसरू नये. पण भिंतीजवळ एक लांब पट्टी तशीच सोडतात, आम्हाला घसरून खेळायला. हेडमास्तरांनी विचारलं की सांगतात, राख संपली. राख संपलेली नसते. मी बादली पाहिली आहे.

आजोबा : म्हणजे जित्याची खोड.

एफी : हो. पण ती आमच्यासाठी असते. नॉर्वेचं खोटं कुणासाठी?

आजोबा : स्वतःच्या मोठेपणासाठी.

एफी : मग ते कधी सांगत का नाहीत? आमच्या वर्गात निम्म्या जणांना माहीतच नाही ते फुटबॉल खेळायचे. गुडघ्याबद्दल विचारलं तर म्हणतात, शिडीवरून पडलो.

आजोबा : शिडी कसली. यॉर्कशरमधल्या क्लबानं नेलं होतं त्याला, नॉर्वेनंतर. जानेवारीत गोठलेल्या मैदानावर गुडघा फिरला. सत्ताविसाव्या वर्षी संपलं सगळं. परत आला तो काठी घेऊन. स्टेशनवर मी होतो, दुसऱ्या कामासाठी. त्यानं मला बघितलं.

एफी : तुम्ही काय बोललात?

आजोबा : पाऊस येईल म्हणालो.

एफी : आणि मंगळवारी कमिटीत ते काय बोलले?

आजोबा : तेच तर. तोंडावर आपटला. गिलेस्पीनं विचारलं, कॅप कुठाय? तर म्हणतो, मला दिलीच नाही. परदेशी संघाशी खेळलं तर कॅप देत नाहीत, फक्त इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडशी खेळलं तरच देतात. सगळा हॉल हसला. देशासाठी खेळायचं आणि कॅप नाही? असलं कधी कुणी ऐकलंय? गुरुवारी माझ्या दारात आला. म्हणाला, आर्ची, आत्याच्या वेळी मी खोटं बोललो, त्या एका वेळेपायी हे खरं बुडवू नकोस. नाव गेलं तर माझ्या पायांनी केलेलं काहीच उरणार नाही. तू तरी मान.

एफी : मग?

आजोबा : मी म्हणालो, दाखव.

एफी : आजोबा, ते बाहेर बसलेत.

आजोबा : कोण?

एफी : पर्डीकाका. समोरच्या भिंतीवर. पाय लांब करून. मघापासून खाणीच्या घड्याळाकडे बघतायत.

आजोबा : पडदा सोड. आणि फडकं चालव, बारा वाजत आले. मी शिडीवर चढतो, तो काळा डबा इकडे सरकव.

एफी : एक सांगा. हेक्टर मॉनक्रीफ खोटं बोलायचे?

आजोबा : मॉनक्रीफ? चर्चचा कारभारी होता तो. पत्त्यांतसुद्धा कधी फसवलं नाही.

एफी : ते ऑस्ट्रियाशी खेळले हे नक्की?

आजोबा : आख्ख्या गावानं रेडिओला कान लावले होते. मी स्वतः ऐकलंय. हंगेरीशीही.

एफी : आणि सगळं एकाच वर्षी?

आजोबा : एकाच हंगामात. म्हणून तर पाच देश आणि कॅप एक. हंगामाला एक देतात.

एफी : मग कॅपेवर पाच अक्षरं हवीत.

आजोबा : असतील की.

एफी : तीन आहेत. इंग्लंडचं, वेल्सचं, आयर्लंडचं. गोंड्याखाली लपली होती म्हणून मी गोंडा बाजूला केला. ऑस्ट्रियाचं नाही. हंगेरीचं नाही.

आजोबा : धागा उसवला असेल.

एफी : उसवला तर भोकं दिसतात. आजीनं माझ्या फ्रॉकवरचं फूल काढलं तेव्हा राहिली होती. इथे मखमल साफ आहे. बघा ना, उतरा खाली.

आजोबा : चष्मा दे. ...तीनच आहेत.

एफी : आता एडीकाकांची. पाटीवर वेल्स आणि फ्रान्स. कॅपेवर एकच अक्षर, वेल्सचं.

आजोबा : दे इकडे.

एफी : आजोबा, तुम्ही म्हणालात, सांगायचं नाही, दाखवायचं. हे कपाट किती वर्षं इथे आहे?

आजोबा : मीच रंगवलंय. एडी गेला त्या वर्षी. पंधरा वर्षं झाली.

एफी : पर्डीकाकांकडे तुम्ही पुरावा मागितलात. पण देशासाठी खेळलं की कॅप मिळतेच, हे तुम्हाला कुणी दाखवलं होतं?

आजोबा : ते... ते सगळ्यांना माहीतच असतं.

एफी : कुणी विचारलं होतं?

आजोबा : नाही. कुणीच नाही. ऐकलास? भोंगा झाला. बारा.

गिलेस्पी : नमस्कार, मिस्टर टेनंट. वेळ झाली. कॅप जमा झालेली नाही, तेव्हा ठरावाप्रमाणे कामाला लागावं. आणि या मुलीनं कपाटातल्या वस्तू बाहेर का काढल्या आहेत? त्या मोजून परत ठेवाव्या लागतील.

एफी : मोजाच, मिस्टर गिलेस्पी. पण कॅपा नको, अक्षरं मोजा.

गिलेस्पी : म्हणजे?

आजोबा : पोरगी म्हणते तसं करा. पाटीवरचे देश एकीकडे, कॅपेवरची अक्षरं दुसरीकडे.

गिलेस्पी : मॉनक्रीफ, पाच. इथे तीन. एडी, दोन. इथे एक. जुळत नाही. म्हणजे यांनीही...

आजोबा : काही नाही केलं यांनी. जे जुळत नाहीत ते देश बघा.

गिलेस्पी : ऑस्ट्रिया. हंगेरी. फ्रान्स. सगळे परदेशी.

एफी : पर्डीकाका मंगळवारी तेच सांगत होते. आणि सगळे हसले. तुम्ही पण हसलात?

गिलेस्पी : मी सभेत हसत नाही, मुली. पण ठरावाचा मसुदा माझा होता. मी नावं मोजली, कॅपा मोजल्या. कॅपेवर काय लिहिलंय ते वाचलं नाही. ही माझी कसूर. मिस्टर टेनंट, ब्रश खाली ठेवा. सोमवारी मी ग्लासगोला फुटबॉल संघटनेच्या मुख्य कचेरीला पत्र घालतो आणि नियम लेखी मागवतो. तोपर्यंत नाव जसं आहे तसंच राहील.

आजोबा : जसं आहे तसंच?

गिलेस्पी : अर्थात.

आजोबा : मग एक कसूर माझीही लिहून घ्या. दर वसंतात मी या पाटीवर सोनेरी रंगाचा हात फिरवतो. वरच्या दोन नावांवर. तिसऱ्यावर गेली चौदा वर्षं फिरवला नाही. पुसायची हिंमत नव्हती, म्हणून विझू देत होतो.

एफी : म्हणजे ऊन नव्हतं.

आजोबा : नाही, एफी. ऊन नव्हतं.

गिलेस्पी : एक वाजता फोटो आहे, मिस्टर टेनंट. मिस्टर पर्डींना निरोप पाठवायला हवा. मी जाऊ का?

आजोबा : नको. मलाच जायला हवं. रस्ता एवढासा, पण एकोणीस वर्षं ओलांडला नाही. काय बोलू त्याच्याशी? एफी? आता पाऊस येईल म्हणून चालणार नाही.

एफी : आत्या कशी आहे, विचारा.

आजोबा : ...ते चालेल. ते त्याला कळेल. पण तू काय करतेस? शिडीवरून खाली उतर. आणि तो डबा काळा नाही, सोनेरी आहे.

एफी : मला माहीत आहे. शिडी मिस्टर गिलेस्पी धरतील. तुम्ही जा, आणि येताना सावकाश चालत या. त्यांचा गुडघा दुखतो, आणि माझं अजून त्यांचं आडनाव रंगवायचं राहिलंय.